तेवीस नंबरची दांडी

मु. भगवानरावांचा मळा, गंगाखेडपासून दीड कोस,
दि. २९ मे १९७४, दुपारचे साडेचार (भगवानरावांच्या भिंतीवरील घड्याळाप्रमाणे, माझ्या घड्याळात चार वाजून एकवीस मिनिटे झाली आहेत, आणि माझे बरोबर आहे)

चि. पंडित यास,

दाजीचा आशीर्वाद व सप्रेम जयभीम. तुझ्या पत्रातला खोकला एव्हाना बरा झाला असेल असे धरून चालतो. इकडे मी ठणठणीत आहे. तुझी अक्काही मजेत आहे, फक्त तिचा उजवा गुडघा टम्म सुजला आहे. (कारण क्रमाने येईल. मी पुढचे मागे आणि मागचे पुढे करत नाही, हे तुला ठाऊक आहे.) बैल दारातून गेल्यापासून सौ. रुख्मिणीने तुझ्याशी अबोला धरल्याचे कळले. तिला सांग की हिऱ्या आणि कोशा दोघेही मला दावणीला भेटले. हिऱ्याने मान वर करून ओळख दिली. कोशाने दिली नाही, पण तो पहिल्यापासून तसाच आहे.

आता कामाचे. आठ दिवसांपूर्वी तू जोडी भगवानरावांकडे बांधून आलास आणि तुमच्यात असे ठरले की बैलजोडी अधिक रोख तीन हजार, बदल्यात त्यांची लष्करी लिलावातली हौदेवाली जीपगाडी. मात्र दाजीने तपासून पास केली तर. मृग लागायला नऊ दिवस उरले आहेत. एकदा पाऊस पडला की तुझ्या गावची एस.टी. फाट्यावरूनच तोंड फिरवते, आणि पुढच्या दोन कोसांत काळ्या मातीत माणूस आधी चप्पल सोडतो आणि मग धीर. त्या वाटेने सोनपेठच्या बाजाराला गावचा भाजीपाला न्यायचा तुझा बेत आहे. गाडी चांगली निघाली तर चार महिने सगळा गाव तुझ्या हौद्यात बसेल. वाईट निघाली तर बैलही गेले आणि गाडीही फाट्यावर रुतली, अशी तुझी गत होईल. तेव्हा या कामाचे वजन ओळखूनच मी घरून निघालो.

माझ्या लायकीबद्दल तुला सांगायला नको, पण भगवानरावांना सांगावी लागली म्हणून इथेही लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर बावीस वर्षे विहिरीवरची तेलाची इंजने. गंगाखेड तालुक्यात असे एक इंजन दाखव की जे बंद पडले आणि मी उघडले नाही. (काही मी उघडल्यानंतर बंद पडली, पण ती मालकांच्या घाईमुळे.) मी कुठल्याही कॉलेजात गेलो नाही, त्यामुळे माझ्या डोक्यात कुणाला चुकीचे काही भरता आले नाही.

हे पत्र मी भगवानरावांच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. ते समोरच खुर्चीत आहेत आणि प्रत्येक परिच्छेद झाला की वाचून दाखवायला लावत आहेत. म्हणून त्यांच्याविषयी जे चांगले लिहिले आहे ते तू तसेच्या तसे समजावे.

तपासणीसाठी मी वहीत एक्केचाळीस कलमे आखून नेली होती. सोबत साहित्य असे: एक लांब पेचकस (त्याचे टोक इंजनावर व मूठ कानाला लावली की आतले सगळे ऐकू येते), ओळंबा, काचेचा पेला, चाकाच्या नक्षीची खोली मोजायला आगपेटीची काडी, आणि तुझी अक्का. तिला आणायचा माझा विचार नव्हता. पण तिचे म्हणणे पडले की भावाचे बैल गेलेत, तर त्यांच्या जागी काय येणार हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. शिवाय भाकरी बांधून घेणारे कुणीतरी लागतेच.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीभोवती बैलबाजार भरला होता. भगवानरावांचा सालगडी सटवाजी हा फार बोलणारा माणूस. (भगवानरावांनी इथे मान डोलावली.) मी पुढचे झाकण उघडताच त्याने वाकून आत पाहिले आणि विचारले, "दात किती हायेत, मिस्तरी?" मी म्हणालो, दात गिअरात असतात. त्यावर तो म्हणाला, "मंग तोंड हिकडून कामून उघडायलेत?" अशा लोकांत बारीक काम करणे किती अवघड असते, ते तू समजू शकतोस.

कलम एक ते नऊ, अंग. गाडीला हिरवा रंग परवाच दिला आहे. तो इतका परवाच दिला आहे की दार तपासताना माझा अंगठा त्यावर उमटला. आता गाडी कुणाच्याही दारात राहो, अंगठा माझा आहे. कलम बारा, इंजन. तिसऱ्या झटक्याला सुरू झाले. पेचकस कानाला लावून मी पावणेचार मिनिटे ऐकले. दम आहे, किंचित दमा आहे, पण तो या वयात असायचाच. कलम सतरा, दिवे. उजवा लागतो, डावा हॉर्न वाजवला की लागतो. कलम एकवीस, गिअरबॉक्स. पंडित, इतका शांत गिअरबॉक्स मी आयुष्यात ऐकला नाही. जुना गिअरबॉक्स बोलतो. हा तोंडात काहीतरी धरून बसल्यासारखा गप्प होता. (हे वाचून दाखवल्यावर भगवानरावांना ठसका लागला. पाणी दिले. आता बरे आहेत.)

कलम तेवीस. गिअरच्या मोठ्या दांडीला लागून एक आखूड दांडी आहे. ती कशाची, हे भगवानरावांना विचारले. ते म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या. लष्करवाल्यांनी काय तरी अडकवायला केली आसंल. दोन वर्सं झाली, आमी हात लावला न्हाई." दांडी मी तिन्ही बाजूंनी पाहिली, ठोकून आवाज घेतला आणि वहीत नोंद केली: फालतू दांडी, टांगण्यास उपयोगी. अक्काने लगेच भाकरीचे गाठोडे तिला बांधून टाकले. गाडीत माझ्या शेजारी बसल्यावर हीच दांडी दर खड्ड्याला तिच्या उजव्या गुडघ्यावर बसत होती. (गुडघ्याचा खुलासा झाला.)

कलम तीस, चिखल. बैल घेताना आपण नुसते दात मोजत नाही. भरल्या गाडीच्या चाकाला खीळ घालतो, गाडी चिखलात घालतो, मग बैलाला ओढायला लावतो. गाडीला वेगळा न्याय कशासाठी? भगवानराव सकाळपासून सांगत होते की ही साधी जीप नव्हे, चारी चाकांनी ओढते, घोरपडीसारखी. मी म्हणालो, मग चला तळ्यावर. तळ्याचे पाणी मे महिन्यामुळे मागे सरले आहे आणि काठाला म्हशी लोळतात तो गाळ उघडा पडला आहे. भगवानरावांचा चेहरा जरा उतरला, तो उन्हाने असावा. सटवाजी म्हणाला, "मिस्तरी, तिथं म्हशीबी इचार करून उतरत्यात." पण मी कलम सोडून पुढे जाणाऱ्यातला नाही. स्वतः स्टिअरिंग धरले, शेजारी अक्का, आणि एका फटक्यात गाडी गाळात घातली.

गाडी सात हात गेली आणि बसली. मागची दोन चाके गरगर फिरत होती. पुढची दोन लग्नातल्या पाहुण्यासारखी स्वस्थ उभी. मी इंजनाला जोर दिला तसा मागून गाळ उडाला आणि काठावर उभ्या भगवानरावांच्या धोतरावर चौदा ठिपके पडले. (मी मोजले. ते पंधरा म्हणतात, पण एक जुना आहे.) सगळा गाव काठावर जमला. गाळात उतरायची सोय नव्हती, म्हणून मी गाडीतच बसून राहिलो आणि वहीत लिहिले: कलम तीस, नापास.

मग भगवानरावांनी सटवाजीला बैल आणायला पाठवले. तेच, हिऱ्या आणि कोशा. सटवाजीने जू ठेवले, सोलाचा जाड दोर गाडीच्या पुढच्या आकड्याला बांधला आणि हाळी दिली. हिऱ्याने मान घातली. कोशाने आधी गुडघा टेकून भूमीला वंदन केले. तुझे बैल किती संस्कारी आहेत हे तेव्हा लोकांना कळले. मग बघता बघता दोघे असे उठले, असे पळत सुटले, की गाडी लोण्यातून सुरी काढावी तशी बाहेर आली आणि काठ चढून पार बाभळीपर्यंत गेली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. भगवानरावांनी कोशाच्या गळ्याला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते म्हणाले, "आसलं जनावर जिल्ह्यात न्हाई, मिस्तरी. आन् ही गाडी, हिच्या चाकांचं काय खरं न्हाई." आणि पंडित, त्यांनी आपण होऊन हजार रुपये कमी केले. आता जोडी अधिक दोन हजार. त्यांचा मोठेपणा.

एकंदर निकाल: गाडी चिखलात कुचकामी, परंतु कोरड्या रस्त्याला ठीक. सशर्त पास. काय ते तू ठरव.

तुझा दाजी,
सूर्यभान

(वरील मजकूर भगवानरावांनी पूर्ण ऐकला. 'कुचकामी'ऐवजी 'जरा नाजूक' लिहा म्हणाले. मी खाडाखोड करत नाही.)

ता. क. १. दुसरा दिवस, सकाळचे सात, माझे घर. आता समोर कुणी नाही, तेव्हा नीट बसून वाच आणि दार लावून घे. भगवानराव माणूस वाईट नाही. चहा त्यांच्याच घरच्या कपात दिला आणि स्वतः शेजारी बसून प्याला, तेही नोंदवले आहे. पण त्यांच्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरलेला आहे. म्हणून तो गप्प. झाकणाच्या फटीतून मी चिमूटभर काढून आणला आहे, सागवानी आहे. भुसा काढून नवे तेल घातले की तो बोलू लागेल, त्याला घाबरू नये.

ता. क. २. कोशाबद्दल. वजन लागले की तो खाली बसतो, हे तू मला चैत्रातच सांगितले होतेस, आणि व्यवहार होईपर्यंत जोडीला जड काही लावू देऊ नका असेही बजावले होतेस. सटवाजी तीच जोडी घेऊन काठावर आला तेव्हा मी वही उघडून झालेली कलमे पुन्हा मोजू लागलो. गाडी माझ्या हाताने रुतलेली, आणि ती काढायला कोशा. गुडघा टेकला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तो वंदन करत नव्हता. तो झोपायच्या तयारीत होता.

त्या वेळी अक्काला भूक लागली. ती म्हणाली, बैल बसले, तुमीबी बसलात, मी तरी कशाला उपाशी बसू. असे म्हणून तिने भाकरीचे गाठोडे दोन्ही हातांनी धरून मागे ओढले. गाठ तिचीच, ती सुटते कुठली. दांडीच मागे आली. खाली कुठेतरी खट् झाले. माझा पाय नेमका क्लचवरून निसटला आणि पुढची दोन चाके, दोन वर्षांत पहिल्यांदा, कामाला लागली. गाडी स्वतःच्या पायांनी उठली आणि तिने कोशाला मागून अशी ढुशी दिली की बसायची उसंतच मिळाली नाही. बैल गाडी ओढत नव्हते, पंडित. बैल जीव घेऊन पळत होते. सगळ्या गावाचे डोळे बैलांवर होते, चाकांकडे कुणाचेच नाही. चारी चाकांनी ओढते, असे भगवानराव सकाळपासून खोटे समजून सांगत होते. ते खरे निघाले, हे त्यांना अजून माहीत नाही.

हे त्यांना सांगावे की नाही, यावर मी रात्रभर विचार केला. ज्या दिवशी ते भुशाचे सांगतील त्या दिवशी मी दांडीचे सांगेन आणि तू कोशाचे सांग. तिघांनी एकाच दिवशी खरे बोलावे, म्हणजे कुणाचे नुकसान नाही.

ता. क. ३. खरे काम हे. शनिवारी दोन हजार घेऊन ये आणि कागद करून टाक, मृगाच्या आत. येताना गाडी चालवता येणारा माणूस आण. तो बोलका नसावा आणि गाडी तुझ्या शिवारात पोहोचेपर्यंत त्याने त्या दांडीला हात लावू नये. मी स्वतः चालवत आणली असती, पण कालचा दिवस सोडला तर सायकलीशिवाय मी आजवर काहीही चालवलेले नाही. हे वर लिहायचे राहिले. बाभळीपाशी गाडी थांबली ती मी थांबवली म्हणून नव्हे, मध्ये बाभूळ होती म्हणून. पुढच्या पत्र्याला पोचा आहे. तो जुनाच आहे असे भगवानराव आपण होऊन म्हणाले, मी विरोध केला नाही.

ता. क. ४. वहीतले कलम तेवीस मी शाईने दुरुस्त केले आहे. मी चहा करून येईपर्यंत अक्काने वही ओढून खाली आपल्या हाताने बेचाळिसावे कलम लिहिले. ते जसेच्या तसे उतरवतो, कारण मी नोंदीत फेरफार करत नाही: "पहिल्या फेरीला दांडी मी धरीन, गाठोडं यांनी धरावं."

सशर्त पास, असा शेरा मारून मी खाली सही केली आहे.