स्वतः, वारस, नोकर अगर मुखत्यार

मी, मंजुळा दगडू तांडेल, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा मासळीविक्री, हल्लीचा धंदा कोर्टाच्या तारखा, राहणार कोळीवाडा, कळवा, स्वतःच्याच घराच्या माळ्यावर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याचा मालक त्यांना अजून त्रास देतो का, हेही उलट विचारले. मग त्यांनी लगेच सही केली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाला बधणारी असते तर कधीच गप्प बसले असते. आमचे वकील प्रधान यांनी आधी एक मसुदा करून दिला होता. तो सभ्य होता आणि त्यात हरिहररावांचे नाव एकदाच येत होते, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

कलम १. घराविषयी. कळव्याचे हे घर माझे वडील दामाजी यांनी बांधले. मला भाऊ एकच, धाकू. तो मोहन्याला कारखान्यात लागला आणि तिकडेच त्याने बिऱ्हाड केले, म्हणून वडिलांनी हे घर माझ्या नावावर केले आणि माझे यजमान दगडू इथे घरजावई आले. घराची रचना आधी सांगते, कारण सगळे भांडण रचनेचे आहे. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढची मोठी, तिला रस्त्याकडे दार आणि खाडीकडे खिडकी. मागची लहान, तिला खिडकीच नाही. वर माळा, आणि माळ्याला बाहेरून उभा लाकडी जिना. माळ्यावर मी राहते. मागच्या खोलीत माझा मुलगा चंदू, सून हेमा आणि त्यांची दोन पोरे. पुढच्या खोलीत भाडेकरू श्री. हरिहर शंकर खामकर सहकुटुंब राहतात. त्या पुढच्या खोलीत माझा जन्म झाला आहे.

हे संपूर्ण घर मी माझी सून हेमा हिला देत आहे. मुलाला देत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

कलम २. पुढच्या खोलीविषयी. हरिहररावांना खोली दगडूने दिली. सन एकाहत्तरमध्ये ते नवी नोकरी, नवी बायको आणि एक ट्रंक घेऊन आमच्या दारात उभे राहिले. दगडूला त्यांची दया आली. आम्ही तेव्हा दोघेच आणि चंदू, मागची खोली पुरत होती. वर्षभरात दुसरीकडे बघतो, असे हरिहरराव म्हणाले होते. अजून बघत आहेत.

हरिहरराव एका कंपनीत टाइमकीपर होते, त्यामुळे वेळ कसा काढायचा हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. दगडू गेल्यावर माझे गुडघे गेले, चंदूचे लग्न झाले, पोरे झाली. मी माळ्यावर गेले आणि हरिहररावांना म्हटले, आता खोली सोडा, मला जिना झेपत नाही. त्यांनी मला नमस्कार केला, तब्येतीची काळजी घ्यायला सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून भाडे मनीऑर्डरने पाठवायला सुरुवात केली. म्हणजे माझ्या पायाखाली राहणाऱ्या माणसाचे भाडे आधी पोस्टात जाई आणि मग त्यांच्याच दारावरून पोस्टमनच्या पिशवीतून माझ्याकडे वर येई. पुढे त्यांच्या खोलीच्या ज्या भागावर माळा नाही, तिथले छप्पर गळू लागले. मी कौले बदलायला माणूस पाठवला, तर त्यांनी त्याला आत घेतले नाही. आणि मालकीण दुरुस्ती करत नाही म्हणून नगरपालिकेत अर्ज केला. अर्जासोबत बादल्यांचे फोटो होते. त्यातली एक बादली माझी होती.

मग मी दावा लावला. तारखेला हरिहररावांना चक्कर येई. एकदा नवरात्रात अशीच जोराची चक्कर आल्याचा दाखला त्यांच्या वकिलांनी कोर्टात दिला. त्याच रात्री हेमाने त्यांना टेंभी नाक्याला देवीपुढे टिपऱ्या खेळताना पाहिले. खेळत छान होते म्हणाली.

कायदा असा आहे की घरमालकाची गरज खरीखुरी पाहिजे, आणि खोली दिली तर कोणाची गैरसोय जास्त होते, हे कोर्ट तोलून बघते. ते बघायला कोर्टाने एक कमिशनर पाठवायचे ठरवले. आमच्याकडे कोर्टाचे साहेब येणार म्हणून आम्ही मागची खोली चुन्याने रंगवली. हेमाने लग्नातली चादर काढली. मी नवे लुगडे नेसले. साहेब आले तेव्हा घरची मोठी मीच, त्यांना दारात घ्यायला कोणी नको का? मी माळ्यावरून जिना उतरून खाली गेले, त्यांना हात जोडले आणि ते माळा बघायला चढले तेव्हा चहाचा ट्रेही मीच वर नेला. पापलेटही तळली होती. साहेबांनी दोन खाल्ली.

तिकडे हरिहररावांनी पुढच्या खोलीत कऱ्हाडहून सासूबाई आणून निजवल्या होत्या, शिवाय शेजाऱ्यांची अंथरुणे, औषधांच्या बाटल्या आणि कोणाची तरी रडकी मुले. साहेबांना बसायला जागा नव्हती आणि पाणीही कोणी विचारले नाही. अहवालात आले की मालकीण सुस्थितीत असून जिना सहज चढते-उतरते, आणि भाडेकरू हलाखीत आहे. प्रधानांनी कपाळाला हात लावला. मी त्यांना विचारले, पाहुण्यापुढे फाटके नेसून बसायचे असते हे मला आधी का नाही सांगितले?

राहिलेले काम चंदूने पूर्ण केले. उलटतपासणीत खामकरांच्या वकिलाने त्याला विचारले की मागच्या खोलीत तुम्हाला काय अडचण आहे. भरल्या कोर्टात अडचण सांगायची चंदूला लाज वाटली. तो छाती काढून म्हणाला, "आमचं काय अडत नाय, साहेब. मस्त चाललंय."

दावा फेटाळला. पुढे अपीलही फेटाळले. हरिहरराव पेढे घेऊन माळ्यावर आले आणि मला म्हणाले, "घ्या मावशी, शेवटी घर एकच ना आपलं." मी दोन घेतले. पेढे चांगले होते.

कलम ३. चंदूविषयी. माझी होडी, सर्व जाळी, वल्ही आणि बर्फाच्या पेट्या चंदूला द्याव्यात. तो कष्टाळू आहे आणि पाण्यात त्याच्याइतका शहाणा माणूस आमच्या कोळीवाड्यात नाही. मात्र घरासंबंधी कोर्टात, नगरपालिकेत किंवा पोलीस चौकीत जे काही बोलायचे असेल ते हेमाने बोलावे. चंदूने सोबत जावे आणि पिशवी धरावी.

कलम ४. मोहन्याच्या घराविषयी. माझा भाऊ धाकू निपुत्रिक वारला. मोहने येथील त्याचे दोन खोल्यांचे पक्के घर माझ्याकडे आले. ते रिकामे आहे, नळ आत आहे आणि त्यावर कोणताही बोजा नाही. हे घर मी श्री. हरिहर शंकर खामकर यांना, त्यांच्या स्वतःच्या नावे, पूर्ण मालकीने देत आहे.

हे वाक्य मी हेमाला वाचून दाखवले तेव्हा तिच्या हातातली कोयती खाली पडली. ती म्हणाली, "आये, त्यानं आपली खोली गिळली, न् तू त्यालाच आनखी घर देतंस?" तिला जे समजावले तेच इथे लिहिते, कारण हरिहररावांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

हरिहररावांचा डोंबिवलीला फ्लॅट आहे. तो सासूबाईंच्या नावावर आहे, आणि सासूबाईंनी डोंबिवली अजून पाहिलेली नाही. कोळीवाड्यात हे सर्वांना माहीत आहे, फक्त कोर्टात सिद्ध होत नाही. त्या फ्लॅटमध्ये हरिहरराव भाडेकरू ठेवतात आणि अकरा महिने भरले की त्यांना बाहेर काढतात. "हल्ली भाडेकरू फार माजलेत, मावशी," असे त्यांनी मला जिन्यात अडवून सांगितलेले आहे.

आता कायदा असा की भाडेकरूला स्वतःचे राहण्याजोगे घर मिळाले, तर त्याला भाड्याची खोली सोडावी लागते. म्हणून हरिहररावांनी प्रधानांच्या कचेरीत येऊन मोहन्याचे घर घेतो किंवा नको, हे लेखी द्यावे. घेतले, तर ते घरवाले झाले. हेमाचा दावा प्रधानांनी टाइप करून ठेवला आहे, फक्त तारीख घालायची आहे. नको म्हटले, तर का नको ते कारणासह लिहावे लागेल. खोली गेली तर मी रस्त्यावर येईन, असे शपथेवर सांगणाऱ्या माणसाला फुकटचे घर का नको, ते कोर्टालाही वाचायला आवडेल. काहीच लिहून दिले नाही, तर ते घर हेमाला जाईल. पण त्याची मला भीती वाटत नाही. हरिहररावांनी आजवर हाती आलेले एकही घर सोडलेले नाही.

धाकूचे घर हातचे जाते, याचे वाईट मलाही वाटते. पण हेमाची पोरे खिडकी नसलेल्या खोलीत वाढली. धाकटीला दमा आहे. तिला खाडीचा वारा मिळावा म्हणून मी मोहन्याची चार खोल्यांची चाळसुद्धा दिली असती, असती तर.

कलम ५. सौ. कलावती हरिहर खामकर यांच्याविषयी. मागे एकदा कलावतीबाईंना ताप भरला आणि हरिहरराव गावी होते. मी जिना उतरून, पेजेचे पातेले घेऊन पुढच्या खोलीत गेले, तिला चार घोट पाजले आणि उशाशी बसले. हरिहरराव परतल्यावर त्यांनी कोर्टात अर्ज केला की मालकीण अन्नाच्या निमित्ताने बळजबरीने खोलीत घुसते आणि ताब्याला धोका आहे. मनाईहुकूम मिळाला. त्याच संध्याकाळी माझे पातेले लख्ख घासून जिन्याच्या पायरीवर ठेवलेले होते. आत गुळाचा खडा होता. पातेले रिकामे परत करायचे नसते, हे त्या घरात एकीला तरी माहीत आहे. ते पातेले, माझी मोत्यांची नथ आणि चांदीचा करंडा मी कलावतीबाईंना देते. यावर नवऱ्याचा हक्क राहणार नाही.

कलम ६. माझ्या अंत्यविधीविषयी. तो मनाईहुकूम आजही चालू आहे आणि मला पाठ आहे. त्यात लिहिले आहे की मंजुळा दगडू तांडेल हिने स्वतः, अगर वारस, नोकर अगर मुखत्यार यांच्यामार्फत सदर खोलीत प्रवेश करू नये. मी स्वतः जाऊ शकत नाही. चंदू आणि हेमा वारस. नोकर आम्ही कधी ठेवला नाही. मुखत्यार प्रधान. सगळी दारे त्यांनी नीट लावून घेतली आहेत.

मी प्रधानांना विचारले, "मेल्यावर मी स्वतः असते का?" त्यांनी हुकुमाची प्रत पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "नाही, मंजुळाबाई. कायद्याने नसता."

तरी माझी इच्छा अशी आहे. मला माळ्यावरून खाली आणावे. उचलणारे चौघे कोळीवाड्यातलेच असावेत. ते माझे वारस नाहीत, नोकर नाहीत आणि मुखत्यारही नाहीत. चंदू आणि हेमाने उंबऱ्याबाहेर उभे राहावे, कोर्टाचा हुकूम मोडू नये. चौघांनी मला पुढच्या खोलीत नेऊन खाडीच्या खिडकीखाली ठेवावे. माझी आई तिथे निजत असे आणि मी तिच्या कुशीत. कोर्टात मी हे कधी नीट सांगितले नाही. पाहुणचारात राहून गेले. म्हणून इथे लिहिते: मला ती खोली हवी होती. गुडघ्यांसाठी हवी होतीच, पण नुसतीही हवी होती. रोज तिच्यावरच्या फळ्यांवर पाठ टेकताना हवी होती.

भरती लागेपर्यंत मला तिथे राहू द्यावे, मग न्यावे. तेवढ्या वेळात हरिहररावांनी उठून बाहेर जावे, असा माझा आग्रह नाही. त्यांनी आपल्या जागी खुशाल बसून राहावे. भाडेकरूला कायद्याचे संरक्षण आहे.

येणेप्रमाणे मी माझ्या राजीखुशीने लिहिले, पुन्हा वाचले, आणि एकही शब्द खोडावासा वाटला नाही म्हणून खाली सही केली.

ठिकाण : माळा, तांडेल यांचे घर, कोळीवाडा, कळवा, जि. ठाणे
तारीख : १२ नोव्हेंबर १९९३

(सही) मंजुळा दगडू तांडेल

आम्हा दोघांसमक्ष मंजुळाबाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली. दोघेही जिना चढून आलो.

साक्षीदार :
१. (सही) सुहासिनी वामन कर्णिक, शिक्षिका, राहणार ठाणे
२. (सही) उत्तम नामा वैती, धंदा मासेमारी, राहणार कोळीवाडा, कळवा