कोटाची खुशाली

१८ नोव्हेंबर

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र उजव्या हाताला उघडं ठेवूनच लिहायला बसले आहे. बाबांची शिस्त मोडलेली नाही. एकेका प्रश्नाचं उत्तर लिहायचं आणि तुझ्या पत्रात तिथे पेन्सिलीनं टिंब द्यायचं, म्हणजे एकही प्रश्न उपाशी राहायला नको. तर, गुडघा बरा आहे. ह्यांचं ब्लडप्रेशर ठेकेदाराला शोभेल एवढं आहे. टिल्लूची डोळ्यांच्या डॉक्टरकीची शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात. पोरगा सुकून गेलाय. ह्यांनी नवी गाडी घेतली. एवढी उंच, की चढताना मला कुणाचा तरी हात धरावा लागतो. तू नाक मुरडशील हे ठाऊक आहे, म्हणून रंग सांगत नाही.

आता गंमत ऐक. वहिनी गेल्यावर तू कपड्यांचं गाठोडं पाठवलं होतंस, गरजूला दे म्हणून. त्यातला तुझा तपकिरी कोट, कोपरांना ठिगळं लावलेला, मी वॉचमनकडून आमच्या चौकातल्या एका वेड्याला देऊन टाकला. औषधांच्या दुकानाबाहेर पुठ्ठ्यावर झोपतो. इस्पितळात होता म्हणे, तिथून कुणी न्यायलाच आलं नाही. तर त्या कोटाच्या खिशात निघाला तुझा खडूचा तुकडा! तेव्हापासून स्वारी बदललीच. रोज सकाळी चौकात आडवी रेघ मारतो आणि गाड्यांवर ओरडतो, उशीर झाला, उशीर झाला, रांगेत या! सगळे त्याला मास्तर म्हणतात. गाडी अगदी जवळ आली की कोट सावरत बाजूला होतो. आमच्या सोसायटीनं तक्रार केली आहे, पण मला बाई हसू येतं. हुबेहूब तू.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
बेबी


२६ नोव्हेंबर

चि. सौ. बेबीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. गाडीचा परिच्छेद एकदाच वाचला. ज्या वाहनात चढायला माणूस लागतो ते वाहन नव्हे, माडी. मेहुण्यांना सांग, आता जिनाही बसवून घ्या.

पण माझा कोट पुन्हा शाळेत रुजू झाला, ह्या बातमीनं सकाळ उजळली. मी मागच्या शेडमध्ये जाऊन आपल्या शाळेच्या बाकावर बसलो. शाळा बंद पडली तेव्हा भंगारवाल्याच्या तावडीतून दोन बाक सोडवून आणले होते ना, तेच. त्यावर बसलं की सगळा वर्ग कानात भरतो. हात मागे बांधून, मान हलवत, सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणणारी दोन वेण्यांची तू दिसतेस:

वाटेवरची मुंगी लहान,
पाय टाकताना ठेवा भान.

मला वाटतं, जगात अजून कुणीतरी रेघ मारतंय हे काय थोडं झालं? मोठे मोठे शहाणे ज्या रस्त्यावर मान वर करून बघत नाहीत, तिथे एक वेडा सांगतोय, रांगेत या. सोबत निळ्या खडूंची पेटी पाठवतो आहे. पांढरा खडू डांबरावर फार टिकत नाही, धुक्यात दिसत नाही. त्याच्या हातात दे, वॉचमनबरोबर नको.

आता प्रश्न. टिल्लूच्या परीक्षेची तयारी कशी चालली आहे? गुडघ्याला शेक देतेस का? मेहुणे गोळ्या वेळेवर घेतात का? आणि मास्तरांना खडू पोचले का, हल्ली काय म्हणतात?

आशीर्वाद मागायला लागत नाही, तो वाटेतच असतो.
दादा


१२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टिल्लू पास झाला! तोंडी परीक्षा नऊ तारखेला, सकाळचीच होती आणि धुकं असं की समोरचा हात दिसेना, तरी पोचला आणि परीक्षकांनी पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात मोठ्या इस्पितळात रुजू होईल. गुडघ्याला शेक देते. हे गोळ्या घेतात, म्हणजे मी भरवते.

एक काम होतं. आमच्या इमारतीखाली पार्किंगची खोदाई चालली आहे, धूळ फार. नव्या गाडीचा रंग खराब होईल. ड्रायव्हर ती तुझ्याकडे आणून लावेल, महिना दोन महिने तुझ्या शेडमध्ये राहू दे. बाक जरा सरकव. लावल्यावर तो वर कव्हर घालेल ते मात्र काढू नकोस, हवा लागली की रंगाला डाग पडतात म्हणे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत बसू नकोस, दृष्ट लागते.

घाईत आहे. माया ठेवून अस.
बेबी


१८ डिसेंबर

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

टिल्लूला माझ्याकडून पाठीवर आणखी एक थाप. माझ्या मांडीवर बसून अक्षरं ओळखणारा पोरगा आता लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणार!

माडी पहाटे अंधारातच येऊन पोचली, मी बाहेर येईपर्यंत शेडमध्ये लागून कव्हरही चढलं होतं. बाक अंगणात काढले आहेत, रात्री दव पडतं म्हणून पोतं टाकतो. तुझा ड्रायव्हर मात्र अजब. नेहमी घटकाभर टेकतो, या खेपेला पाणीसुद्धा घेतलं नाही. किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता चालता झाला. काय बिनसलं त्याचं?

आणि बाई, गुण कापावे लागतील. मी चार प्रश्न विचारले होते, उत्तरं तीन आली. बाबा असते तर पत्र परत पाठवलं असतं. इतक्या वर्षांच्या पत्रांत तुझ्याकडून असं कधी झालं नाही, म्हणून पुन्हा विचारतो. मास्तरांना खडू पोचले का?

दादा


२४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचले खडू. दुसऱ्या दिवशी सगळा चौक निळा करून ठेवला होता.

तो गेला दादा. थंडीनं असेल, पालिकेची गाडी येऊन घेऊन गेली असं वॉचमन म्हणत होता. कोट त्याच्याबरोबरच गेला. आता ह्यावर कविता करत बसू नकोस. अशा माणसांचं काय असतं? ना घर, ना दार, ना स्वतःचं भान. सुटला बिचारा, आणि खरं सांगू, चौकही सुटला. सोसायटीच्या बायका म्हणाल्या, आता मुलांना शाळेत सोडताना भीती नाही.

ड्रायव्हरच्या घरी काही अडचण असेल. गाडीचं किरकोळ काम आहे, त्यासाठी पुढच्या महिन्यात ह्यांच्या ओळखीचा माणूस येईल. तो येईपर्यंत कव्हर तसंच राहू दे, हे पुन्हा सांगते.

बेबी


२ जानेवारी

बेबीस,

या खेपेला आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहीत नाही.

तू दोनदा सांगितलंस, कव्हर काढू नकोस. मी जन्मभर मुलांना शिकवलं. जे पोरगं न विचारता सांगतं की मी कपाटाला हात लावला नाही, त्याच्याच खिशात बघायचं असतं. तरी मी आठवडाभर थांबलो. आधी वाचनालयात गेलो. तुमच्या शहराच्या वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, टिल्लूच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची तीन ओळींची बातमी सापडली. अज्ञात वाहनाच्या धडकेत वेडसर इसम ठार. वाहन अज्ञात, इसम अज्ञात. एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती, तो वेडसर होता. शाबास.

घरी येऊन कव्हर काढलं. समोरचा एक दिवा फुटला आहे. बॉनेट खोलगट झालं आहे, तुमच्या कुटुंबाच्या मनासारखं नव्हे, कारण ते अगदी सपाट आहे. पुढच्या जाळीत तपकिरी लोकरीचे धागे आहेत, आणि त्यांच्यामागे अडकलेला, अर्धा झिजलेला निळा खडू.

तर हे किरकोळ काम. त्यावर झाकण घालायला तुम्ही माझी शेड निवडलीत. कवितेत रमलेला म्हातारा, त्याला काय कळतंय, असाच हिशेब ना? मेहुण्यांचं मला आश्चर्य नाही. वाळूत माती मिसळण्यात ज्याची हयात गेली तो रक्तात पाणी मिसळणारच. पण तू? थंडीनं गेला म्हणून लिहिलंस, तेही पेन न अडखळता. अक्षर नेहमीसारखं वळणदार. लाज वाटली मला, हे वळण मीच गिरवून घेतलं होतं.

टिल्लूला इकडे पाठव. मी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाईन, शेजारी बसेन, त्याचा हात धरेन. दहा तारखेपर्यंत वाट बघतो. तो आला नाही तर एकटा जाईन.

आणि एक प्रश्न. गाडीत त्याच्याबरोबर कोण होतं?

दादा


६ जानेवारी

प्रिय मामा,

आई दोन दिवस जेवलेली नाही, म्हणून मी लिहितो आहे. पत्र लिहायची मला सवय नाही, चूकभूल समजून घ्यावी.

जे झालं तो अपघात होता. धुकं होतं, तो रस्त्याच्या मधोमध होता, दिसला नाही. त्याच्यासाठी अजून एकानंही तक्रार दिलेली नाही. त्याला नाव नव्हतं, मामा. त्याचा आजार मी पुस्तकात वाचला आहे. औषधं बंद झालेला असा माणूस रस्त्यावर आणखी एखादा हिवाळा काढतो, फार तर दोन. मी पुढची तीस वर्षं रोज लोकांना दृष्टी देणार आहे. तुम्हीच तराजू धरा आणि सांगा.

आम्ही थांबलो असतो तरी तो वाचला नसता, आणि परीक्षा गेली असती. ड्रायव्हर स्वतःवर घ्यायला तयार आहे, बाबांनी त्याच्या घरच्यांची व्यवस्था केली आहे. तेव्हा ठाण्यात जायची हौसच असेल तर तेवढं नाव सांगा. तुमच्या एका फाटक्या कोटासाठी भाच्याचा जन्म वाया घालवू नका, एवढंच मागणं.

टिल्लू


१३ जानेवारी

बेबीस,

तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र मिळालं. धुकं दिसलं, परीक्षा दिसली, तीस वर्षांपुढचं दिसलं, हातभरावरचा माणूस तेवढा दिसला नाही. अशा माणसाकडे कुणी डोळे दाखवायला जाऊ नये. त्याला वेगळं उत्तर लिहीत नाही. तराजू धर म्हणतो! एका पारड्यात स्वतः बसलाय आणि वर काटाही त्यालाच धरायचाय. मांडीवर घेऊन मी त्याला अक्षरं शिकवली. वाचायला शिकवलं असं मात्र म्हणवत नाही.

काल ठाण्यात जाऊन आलो. अंमलदार जांभई देत म्हणाला, आजोबा, मेला तो तुमचा कोण? मी म्हटलं, तो माझा कोट घालायचा. त्यानं शेजारच्याकडे बघून डोळा मारला. त्याच्या लेखी मीही त्याच जातकुळीतला. मग मी निळा खडू टेबलावर ठेवला, वर्तमानपत्राचं पान ठेवलं, शेडची किल्ली ठेवली आणि भाच्याचं नाव सांगितलं. ड्रायव्हरचं नाही. जांभई अर्ध्यात मिटली. संध्याकाळी क्रेन येऊन तुमची माडी उचलून घेऊन गेली. बाक पुन्हा आत घेतले आहेत.

ठाण्यातून तुमच्या शहरात फोन झाला. तो अजून शवागारातच आहे, न्यायला कुणी आलेलं नाही. सोमवारी मी येतो आहे. त्याला माती मी देणार. तुझ्याकडे उतरणार नाही, चहालासुद्धा नाही.

टिल्लू लिहितो, आम्ही थांबलो असतो तरी. आम्ही. म्हणजे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यानं दिलं. उरलेलं अर्धं तू दे. कोट तर तूच दिला होतास, तुला तो लांबूनही ओळखू आला असणार. त्या सकाळी मास्तर काय म्हणत होते?

दादा


२० जानेवारी

दादा,

टिल्लूला परवा घेऊन गेले. इस्पितळानं जागा दुसऱ्याला दिली. हे माझ्याशी बोलत नाहीत. सोमवारी तू आमच्या चौकातून गेलास, हातात पिशवी होती, वर बघितलंही नाहीस. मी गॅलरीतच उभी होते. गार जमिनीत एका वेड्याला पुरून आलास आणि जिवंत बहिणीच्या दारावरून निघून गेलास. मोठा आला मुंगीची कविता शिकवणारा! तुझ्या त्या कवितेवर आजवर एक तरी घर उभं राहिलं का? मुलगा घडवला मी, वाढवला मी, आणि तू एका खडूनं पुसून टाकलास.

उत्तर हवंय ना तुला? घे. तुझं पत्र उजव्या हाताला उघडंच आहे.

मी टिल्लूच्या शेजारी बसले होते. काचेवर धुकं साचत होतं म्हणून काच खाली केली होती. तो लांबूनच दिसला, तुझा कोट दिसला, रस्ताभर ओढलेली निळी रेघही दिसली. टिल्लूचा पाय ब्रेकवर गेला होता. मी म्हटलं, थांबू नकोस, हा शिकवत बसेल आणि तुझी परीक्षा जाईल. हॉर्न देत जा, रोज सरकतो, आजही सरकेल.

तो सरकला नाही. दोन्ही हात आडवे पसरून रेघेवर उभा राहिला. रोज उशीर झाला, उशीर झाला म्हणून ओरडायचा, त्या दिवशी ओरडला नाही. तू वर्गात बोलायचास तसं, समजावून म्हणत होता: सावकाश या मुलांनो, धुकं आहे, आज उशीर माफ.

टिंब दिलं.

बेबी