दुकानात नाही म्हणायचं नसतं

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि या वयात मी बुरुंडीची भाषा शिकते आहे. हसू नका. बुरुंडी हा आफ्रिकेतला लहानसा देश. तिथला एक मुलगा इथे म्हैसूरला शिकायला आला, तुमच्या नातीच्या, माझ्या लेकीच्या, कॉलेजात. दोघांचं लग्न ठरलंय. मुलगा गुणी आहे. मला अम्मा म्हणतो, बोगादीच्या आमच्या घरी आला की चपला नीट लावून ठेवतो. त्याच्या आईला त्यांच्या रुंदी भाषेशिवाय काही येत नाही, म्हणून मला चार शब्द शिकवायचं त्यानंच मनावर घेतलं.

पहिल्याच दिवशी म्हणाला, "अम्मा, आधी नको म्हणायला शिका. नाहीतर माझी आई ताटात वाढतच राहील." मला पाहिजे म्हणजे 'न्दाशाका', मला नको म्हणजे 'सिन्शाका'. तिला नको असेल तर 'न्ताशाका'. त्यांच्यात नकार शब्दाच्या सुरुवातीलाच तोंडातून बाहेर पडतो. आपल्यात 'नको' शेवटी येतं, तोवर समोरच्याचं तोंड बघून ते गिळायला सवड मिळते. तुम्ही तर जन्मभर गिळत आलात.

मार्केटच्या मागचं आपलं दुकान आठवतं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी एक बाई रेशमी ब्लाऊजपीस घेऊन येते. तुमच्या मशीनमागे न शिवलेल्या कपड्यांचा डोंगर, आणि तुम्ही मान हलवता, "आयतु अम्मा, नाळे बन्नि." झालं म्हणून समजा, उद्या या. मी हूक लावत बसलेली, परकरातली पोर. मी खरं तेच बोलले, "नाही होणार." तुम्ही टेप खाली ठेवलात. "दुकानात ते अक्षर काढायचं नाही ग. उंबऱ्यावर लक्ष्मी उभी असते, ऐकून माघारी जाते." गिऱ्हाइकादेखत बोललात. मला फार लागलं होतं. घरीसुद्धा तांदूळ संपले की आई 'वाढले' म्हणायची, पण घरी निदान एकमेकांशी आपण खरं बोलत होतो.

म्हणून तर तुम्ही आईला स्वयंपाकघरात शब्द दिला होतात, की नंजनगूडचं स्थळ परतवायचं, पोरीचं शिक्षण आधी पुरं करायचं. मी दाराआड होते. किती हलकं वाटलं होतं! आणि ती माणसं घरी आलीच नाहीत, सरळ दुकानात आली. संध्याकाळी तुम्ही पाटावर बसलात आणि ताटाला हात लावला नाहीत. आईनं पाणी पुढे सरकवलं. शेवटी तुम्हीच म्हणालात, "काय करू ग, ते दुकानात आले की."

माझा संसार वाईट झाला असं नाही. पण पुस्तकं बंद झाली ती झालीच. तुमची मशीन मी माहेरून मागून आणली, ती आता पुढच्या खोलीत आहे, तेच माझं दुकान. गल्लीतल्या बाया ब्लाऊज घेऊन येतात आणि मी आयतु म्हणते.

तुमची नात शेवटच्या वर्षाला आहे. मुलाच्या आईचा हट्ट, की लग्न लगेच करून सुनेला घेऊन ये. मुलगा थांबायला तयार आहे, पण आईपुढे त्याचीही जीभ उचलत नाही. लेक मला म्हणाली, "आई, तूच सांग ना त्यांना. मला परीक्षा देऊ दे की. तू नको म्हटलंस तर त्या ऐकतील." मी म्हटलं, सांगते. भाकऱ्या भाजताना घोकत होते, सिन्शाका, सिन्शाका. मुलगा म्हणाला, "तेवढाच शब्द तुम्ही तुमच्या तोंडानं म्हणा अम्मा, पुढचं मी समजावतो."

रविवारी फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. पुढचं दार उघडं, मांडीवर कुणाची तरी बाही. मुलानं फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर केसांना रुमाल बांधलेली त्याची आई, माझ्याच वयाची, डोळे भरून काहीतरी विचारत होती. मुलगा हळूच म्हणाला, "विचारतेय, माझी मुलगी मला कधी देता? लगेच पाठवाल ना?" दारात लेक उभी होती. माझ्या तोंडून निघालं, "एगो." त्यांच्या भाषेत हो. ती बाई रडत हसली, हात जोडले. मुलगा खाली बघत राहिला.

लेक नंतर एवढंच म्हणाली, "आई, हे काय केलंस?" मी म्हटलं, "काय करू ग, मशीनवर बसले होते." ती आत गेली. आता तिच्याशी काय बोलावं ते मला कळत नाही, आणि त्या बाईला परत फोन लावायचं धैर्य होत नाही. मला अगदी असहाय वाटतंय आप्पा.

हे मी कटिंगच्या कागदावर लिहिते आहे. उद्या यावरच कुणाच्या तरी बाह्या बेतीन, म्हणजे संपलं. एक मात्र तुम्हाला सांगून ठेवते. फोन वाजत होता तेव्हा स्वयंपाकघर पलीकडेच होतं. उठून तिथे गेले असते तर म्हणता आलं असतं. मी उठले नाही. तुम्हीसुद्धा नंजनगूडची माणसं आली त्या दिवशी दुकानातून उतरून रस्त्यावर का आला नाहीत, हे तुम्हाला विचारायचं मी इतकी वर्षं मनात धरून होते. आता विचारत नाही.