शेवेऐवजी खाखरा

बडोदे, गुरुवार, ८ सप्टेंबर २०१६

आजही फोनवरून शेव मागवली आणि आला खाखरा. ते ॲप मध्येच विचारतं, ‘शेवेऐवजी भाजलेला खाखरा घ्याल?’ मी तर ‘नको’च दाबते. मग बदलतं कोण? ह्यांच्या रक्तातली साखर वाढलीय, हे त्याला कुणी सांगितलं? पुण्याहून लेक म्हणाली, ‘अगं आई, बाबांनीच बदललं असेल.’

ह्यांनी? शेवेशिवाय पोहे न खाणाऱ्या माणसाने? पण खाखऱ्याबद्दल तक्रार नाही. उलट, ‘सरस छे!’ घरात गुजराती कधीपासून?

हल्ली रोज संध्याकाळी चालायला जातात. परतल्यावर म्हणतात, भूक नाही.

आत्ता त्यांचा रुमाल धुवायला घेतला. कोपऱ्यात लाल तेलाचा डाग. वास थेट शेव-उसळीचा.

म्हणे खाखरा सरस छे!