परिचयातली चौथी ओळ

तात्या, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. वाईला पाठशाळेत होतो तेव्हा पत्रं आईला जायची आणि शेवटी ‘ती. तात्यांस सा. न.’ एवढं लिहून मी कार्ड संपवायचो. साष्टांग नमस्काराची अशी दोन अक्षरांत बोळवण करणारा मुलगा पुढे संस्कृतचा प्राध्यापक झाला, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल तर तुम्ही ते कधी बोलला नाहीत. तुम्ही फारसं बोलायचाच नाहीत, निदान माझ्याशी. आणि आज इतक्या वर्षांनी जे लिहायला बसलोय ते त्या ‘निदान माझ्याशी’बद्दलच आहे. तुम्ही जिच्याशी बोललात तिच्याबद्दल. मला तिचा हेवा वाटायचा. ‘वाटायचा’ असं भूतकाळात लिहिलं, कारण क्रियापदं माझ्या हातात आहेत. बाकीचं नाही.

उंब्रजच्या खालच्या अंगाला आपलं गाव, गावाखाली कृष्णा, आणि काठाच्या दगडी खांबावर काळ्यापांढऱ्या आकड्यांची पट्टी. रोज सकाळी आठ वाजता उतरणीनं खाली जायचं, पाणी कुठल्या आकड्यावर आहे ते बघायचं आणि सरकारी वहीत लिहायचं, ही तुमची नोकरी. खात्याच्या कागदावर तुम्ही गेज रीडर, गावात ‘पाणी वाचणारे तात्या’. माझ्या लग्नाच्या दिवशीही तुम्ही आधी पाणी वाचलंत आणि मग मांडवात आलात, धोतराचा सोगा ओला. सासरच्या मंडळींना वाटलं, वरपिता पूजा आटोपून आलाय. मी शाळेत असताना एकदा तुमच्या मागोमाग नदीवर आलो होतो. तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, “हितं काय हाय तुझं? जा, पुस्तक धर. ह्या पान्याच्या नोकरीत तुला पडायचं न्हाई.” मी गेलो. पुस्तक असं धरलं की पुढे तीस वर्षं हातातून सुटलं नाही, आणि घरात वडिलांच्या कामातलं एक अक्षर न कळणारा एक पंडित तयार झाला. ‘पंडित’ ही तुम्हीच दिलेली हाक. तिच्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती आली. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, इंजिनियरिंग झालेली, नदीच्या जुन्या नोंदींवर संशोधन करणारी. मी दिवाळीला घरी आलो होतो, म्हणून तिचं पहिलं येणं माझ्यासमोर झालं. पायरीवर चपला काढता काढताच तिनं विचारलं, “वाचन घेतलं नाही, असं लिहिणारे तात्या तुम्हीच का?” तुम्ही घाबरलात. तुम्हाला वाटलं, चौकशी लागली. ती म्हणाली, “आवं, घाबरू नका. मी ह्या नदीवरच्या सगळ्या ठाण्यांच्या वह्या बघितल्या. बाकी कुठल्याच वहीत एक दिवस सुटलेला नाही. पुरात नाही, सणाला नाही. इतकी वर्षं एक माणूस आजारी पडला नाही. तुमच्याच वहीत लिहिलंय, म्हैस व्याली, वाचन घेतलं नाही.” तुम्ही म्हणालात, “मग काय लिवायचं? म्हशीपाशी बसलो हुतो. पानी बघितलंच न्हाई तर आकडा कुठला लिवू?” ती हसली आणि म्हणाली की ह्या एका ओळीमुळे तुमच्या बाकीच्या सगळ्या आकड्यांवर तिचा विश्वास बसला. मी दारात उभा होतो. मला आठवलं ते एवढंच, की म्हशीला एक दिवस मिळाला होता. माझ्या लग्नाला तोही मिळाला नव्हता.

पुढची दोन वर्षं ती येत राहिली. मी सुट्टीला आलो की कधी ती नदीवर तुमच्याबरोबर, कधी स्वयंपाकघरात. आई गेल्यापासून चूल तुमच्याकडेच होती. मला वांगं चालत नाही हे तुम्ही तीस वर्षांत लक्षात ठेवलं नाहीत. ती कांदालसूण खात नाही हे तुम्हाला दुसऱ्या खेपेपासून पाठ. तिच्यासाठी दुधी भोपळ्याची वेगळी भाजी, आणि तिला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून चार वाजताच चूल पेटलेली. मी तोंडी लावायला कांदा फोडायला घेतला तर म्हणालात, “बाहेर जाऊन फोड रं. पोरीला वास येतो.” मी माझ्याच घराच्या अंगणात बसून कांदा फोडला. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यानंच, असं धरून चालू. आणि आतून तुमचा आवाज येत होता. लाट हलती असली तर वरचा आकडा बघायचा, खालचा बघायचा आणि मधला धरायचा. म्हशी पाण्यात असल्या तर निघेपर्यंत थांबायचं. कोयनेचं पाणी सोडलं तर कऱ्हाडच्या संगमावर पाणी तटून खालनं फुगवटा कधी येतो आणि आपल्याच वरच्या अंगाचा पाऊस असला तर पाण्याचा रंग आधी कसा बदलतो. तुम्ही एवढी वाक्यं सलग बोलू शकता हे मला त्या दिवशी कळलं. ती तुम्हाला ‘तात्या’च म्हणायची. तुम्ही पदरमोड करून घरात ठेवलेल्या वहीच्या नकला, ज्यांना मला हातही लावू दिला नव्हतात, त्या तिला पिशवीत घालून दिल्यात. हवं तेव्हा परत आण, असंही म्हणाला नाहीत.

आता माझ्या जोडधंद्याबद्दल. कऱ्हाडला हिवाळ्यात व्याख्यानमाला व्हायची आणि वक्त्यांचा परिचय करून द्यायला मला सांगलीहून बोलवायचे. संस्कृत येणाऱ्या माणसाचा समाजाला एवढाच उपयोग उरलाय. तिचं संशोधन पुरं झाल्यावर एका वर्षी विषय होता पर्यावरण, आरोग्य, हवामान आणि ऊर्जा, चार दिवस चार तज्ज्ञ. त्यांचे इंग्रजी बायोडाटा माझ्याकडे आले आणि माझी चांगली करमणूक झाली. पर्यावरणाचे तज्ज्ञ आधी सतरा वर्षं रंगाच्या कारखान्यात होते. ऊर्जातज्ज्ञ कोयनानगरला लहानाचे मोठे झालेले, वसाहतीतल्या भूकंपांवर त्यांनी अर्धं पान लिहिलेलं. आरोग्याच्या डॉक्टरांची पहिली पदवी शेतकीची. प्रत्येक जण कुठून तरी दुसरीकडून आलेला, आणि ऊर्जातज्ज्ञ सोडले तर बाकीच्यांनी ते दुसरीकडचं शक्य तितकं लहान अक्षरांत लिहिलेलं. तिसरा दिवस हवामानाचा, म्हणजे तिचा. तिचा कागद तेवढा मराठीत होता, तिच्याच अक्षरात. पहिल्या तीन ओळींत पदव्या. चौथ्या ओळीत तुमचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे लिहिलेलं, ‘गेज रीडर. नदीचं पाणी कसं वाचायचं ते मी यांच्याकडे शिकले. माझे पहिले गुरू.’

मी तो कागद खिशात घालून व्यासपीठावर गेलो आणि तिसऱ्या रांगेत तुम्ही दिसलात. दाढी केलेली, कोरी टोपी, आईच्या वेळचा कोट. मी त्या सभागृहात सहा वर्षं बोलत होतो. गावापासून कऱ्हाड एसटीनं अर्ध्या तासावर, आणि तुम्ही एकदाही आला नव्हता. क्षणभर वाटलं, माझ्यासाठी आलात. मग लक्षात आलं, परिचयात तुमचं नाव आहे हे तिनं तुम्हाला आधीच सांगितलेलं असणार.

तेवढ्यात निरोप आला की तिची जीप पेठ नाक्याच्या पुढे बंद पडलीय, तासभर लागेल. कार्यवाह माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सर, परिचय जरा लांबवा. माणसं उठून जातील.” परिचय लांबवायला सांगणं म्हणजे म्हशीला डुंबायला सांगणं. मी चाळीस मिनिटं बोललो. पाण्याला संस्कृतात शब्द किती, उदक, तोय, सलिल, अंबु, आणि कुठल्या पाण्याला कुठला शोभतो. नद्यांना माता म्हणणाऱ्यांनी त्यांच्यात काय काय सोडलं. मध्ये मध्ये तिच्या पदव्या. लोक हसले, रमले, कुणी उठलं नाही. चाळीस मिनिटं, तात्या, आणि तिसरी ओळ संपल्यावर मी पाचवी वाचली. चुकून नव्हे. चौथ्या ओळीवर माझं बोट होतं.

ती आली ती धापा टाकतच. माईकपाशी जाऊन म्हणाली, “उशिराबद्दल क्षमा करा. सरांनी परिचय सविस्तर करून दिलाय असं आत्ताच कळलं, म्हणजे मी कुणाकडे काय शिकले तेही तुम्हाला कळलंच आहे. ते इथं बसलेत. परत नाव घेऊन त्यांना अवघडवत नाही.” आणि तिनं तिसऱ्या रांगेकडे बघून हात जोडले. तुमच्या शेजारी एका सोसायटीचे चेअरमन बसले होते. त्यांना असल्या नमस्कारांची सवय. ते उठून उभे राहिले, चहूकडे वळून त्यांनी हात जोडले, आणि टाळ्या पडल्या. तिनं मान खाली घालून कागद लावायला घेतले होते. तुम्ही चेअरमनांकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि तुम्हीही टाळ्या वाजवल्यात.

एसटीत तुम्ही एवढंच म्हणालात, “लय बोललास. घसा बसला असंल.” घरी गेल्यावर मला गरम पाणी करून दिलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून गेले तरी तुम्ही ओट्यावर उन्हात बसून होतात. मी विचारलं, “तात्या, नदीवर जायचं नाही?” “न्हाई.” वही मांडीवर होती. तुम्ही त्या दिवसाच्या रकान्यात ‘वाचन घेतलं नाही’ असं लिहिलंत. कारण लिहिलं नाहीत. मग म्हणालात, “बस पंडित. काल बोललास त्यातलं मला काय कळलं न्हाई. सांग बघू.” मी सांगितलं. एकेक शब्द, त्याचा अर्थ, तो कुठून आला. तुम्ही तोय म्हणून बघितलंत, सलिल म्हणून बघितलंत. विचारलंत, “फुगवट्याच्या पान्याला काय शबूद हाय का?” मला नाही सांगता आला, तर हसलात. “मग तुमचं लोक नदीला कवा गेलंच न्हाईत.” चहा दोनदा झाला. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही एक अख्खी सकाळ माझ्यापाशी होतात आणि मी सुखात होतो, हे लपवत नाही. ऊन अंगणात उतरलं तेव्हा तुम्ही वही मिटलीत आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, “कागदावर तेवढंच हुतं व्हय? का आनि काय हुतं?”

मी म्हणालो, “तेवढंच होतं.”

“बरं,” म्हणालात. “तिच्या ध्यानातनं गेलं असंल. पोरीला कामं लय असत्यात.” आणि तिच्याबद्दल तुम्ही माझ्याजवळ परत कधी काही बोलला नाहीत. ती येत राहिली, तुम्ही दुधीची भाजी करत राहिलात. तिला तुम्ही काही विचारणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्या भरवशावरच तर मी खोटं बोललो होतो. तुम्ही गेलात तेव्हा ती दहाव्याला आली. बाजूला घेऊन तिनं मला विचारलं, “त्या दिवशी परिचयात नाव ऐकून तात्यांना कसं वाटलं होतं?” मी म्हणालो, “काही बोलले नाहीत.” हे मात्र शब्दशः खरं होतं.

आता ती मोठी तज्ज्ञ आहे. जिथं जाईल तिथं तिचा परिचय छापून येतो, आणि ती चौथी ओळ तिनं कधी काढली नाही. मी बघत आलोय. पदव्या वाढल्या, समित्या वाढल्या, ओळ चौथीची नववी झाली, अकरावी झाली, पण तुम्ही होतात. परवा एका परिषदेची पुस्तिका सहकाऱ्यानं आणून दिली. तिचा परिचय दीड पान, गुळगुळीत कागदावर. मी दोनदा वाचला. तुम्ही त्यात नाही. तिनं काढलं नसणार, कुठल्या तरी संपादकाला जागा पुरली नसणार. तिला एक फोन केला तर पुढच्या वेळी परत येईल. नंबर माझ्याकडे आहे. दोन दिवस झाले, मी केलेला नाही. उद्या करीन बहुतेक. हे पत्र तुमच्यापर्यंत जायची सोय नाही, तेवढ्या धैर्यावर लिहितो, की तुमचं नाव तिथं नाही हे दिसलं तेव्हा, वाईट वाटायच्या आधी, मला बरं वाटलं.