टाकीतले भाडेकरू

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीने माझ्यासाठी मागची खोली रिकामी केली हे वाचून बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. अरे, अजून मला कुणी हाकललेलं नाही. वस्तीचं सांडपाणी जाऊन जाऊन तळं हिरवं पडलंय. नवं शुद्धीकरण केंद्र तपासणीत उतरलं तर ठीक, नाहीतर काठावरची घरं उठवायची, असा हुकूम आहे. त्यात पहिलं घर माझं, ह्यांनी स्वतःच्या हाताने गिलावा केलेलं. त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

केंद्र म्हणजे शाळेच्या वर्गाएवढी शेड. आत एका टाकीत सारखी हवा बुडबुडत असते आणि तिथलं पाणी पुढे फार बारीक गाळण्यांतून जातं. ते सांभाळायला एक इंजिनिअर पोरगी आहे. वस्तीने तिचं नाव टाकीबाई ठेवलंय आणि ती त्या नावाला ओ देते. पुढच्या आठवड्यात तपासनीस येणार, म्हणून आम्ही बायकांनी वस्तीची लाज राखायचं ठरवलंय. घरोघरचे संडास, मोऱ्या रोज फिनेलने लख्ख करायच्या. पुढारीपण अर्थात माझ्याकडे. फिनेलच्या बाबतीत माझा हात कोण धरणार?

वहिनीला नमस्कार. लोभ असू दे, घाई नको.

तुझी,
धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं चार ओळींचं कार्ड मिळालं. टाकीतले जंतूच घाण खाऊन पाणी साफ करतात, आणि तुम्ही ऐन तपासणीच्या तोंडावर फिनेल ओतून त्यांनाच मारलंत, हे मी मोठ्याने वाचलं. तुझ्या वहिनीला हसू आवरेना, तिकडे दूध उतू गेलं. धाकटे, पाहुण्यांसाठी घर झाडताना तू स्वयंपाकीणच केरात काढलीस की. तपासनीस भला माणूस, गढूळ पाणी बघूनही मुदत देऊन गेला.

हसणं झालं, आता ऐक. तुझे यजमान गेल्यापासून त्या घरात तू एकटी. इथे खोलीत उजेड भरपूर आहे, तुझ्या पुस्तकांसाठी फळी ठोकलीय. टाकीत आता नवे जंतू आणून सोडणार म्हणतेस; ते नवे भाडेकरू टिकले नाहीत, तर हट्ट न करता निघून ये. रागावलीस तरी चालेल, पण पत्र टाक. आमची माया तुला ठाऊक आहेच.

तुझा,
दादा

१९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही, फिरत होते. टाकीबाईने दुसऱ्या गावच्या केंद्रातून जंतूंनी भरलेला जिवंत गाळ टँकरने आणला. आधी का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, बायका इतक्या हौसेने घासतील हे कॉलेजात शिकवलं नव्हतं. मग मी वाचनालयातून जंतूंवरचं पुस्तक आणलं. अर्धं कळलं, तेवढं घरोघर सांगितलं. शेजारची शिंपीण म्हणाली, काल घास म्हणालीस, आज घासू नको म्हणतेस, उद्या काय जंतूंना अंगाई म्हणायची? मी म्हटलं, तुझा आवाज ऐकून ते पळतील. शेवटी साबण चालेल, फिनेल नाही, यावर मिटलं.

सगळ्यात जड मलाच गेलं. ह्यांच्या आजारपणात सकाळ-संध्याकाळ खोली फिनेलने पुसायचे. ते गेले, पुसणं चालूच राहिलं. आता त्या खोलीला नुसता लाकडाचा आणि तळ्याचा वास येतो. सुरुवातीला दारातूनच मागे फिरायचे. हल्ली तिथे बसून वाचते.

काल निकाल लागला. पाणी तपासणीत उतरलं, घरं राहिली. टाकीबाईने केंद्रातून बाहेर पडणारं पाणी काचेच्या पेल्यात धरून दाखवलं. शिंपिणीला पेला रिकामाच वाटला, तिने बोट बुडवून पाहिलं. तळं अजून हिरवंच आहे. निवळायला वर्षं लागतील म्हणे. लागू देत, मी आहे इथे.

पत्रातला लोभ पुष्कळ झाला, आता तू आणि वहिनी समक्ष या. मागच्या ओट्यावर ह्यांची खुर्ची आहे, ती तुला. जरा डावीकडे कलते. ते उजव्या पायावर भार देऊन बसायचे, तसा बस.

तुझी,
धाकटी