ह्यांचं दुखणं आणि माझी शिस्त

४ जून, सकाळी ६
हे फिरायला उठले नाहीत. उजव्या कुल्ल्यात आत खोलवर ठणकतं म्हणे. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी ठणकणारच. उद्यापासून व्यायाम, सक्तीने.

६ जून
जिना दहा वेळा. सातव्याला हे कठडा धरून थांबले. म्हणाले, अगं, पाय टेकवत नाही. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. घेतली. सोंगं मला कळतात.

९ जून
संध्याकाळी ताप, १०१. माझ्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या. दोन दिवस पुरतील.

११ जून
ताप गेला. एवढ्यासाठी लोक डॉक्टरांच्या दारात ताटकळतात. लेक फोनवर म्हणाली, आई, बाबा म्हणजे तुझी आठवी ब नाहीत. दुर्लक्ष केलं.

१५ जून
ताप १०३. लेकीने परस्पर हॉस्पिटलात नेलं. एक्स-रे साफ. मी म्हटलंच होतं.

१६ जून
एमआरआय. कणा कमरेच्या हाडाला मिळतो त्या सांध्यात पू. सुई घालून काढला. जंतू कुठला ते कळलं की नेमकं औषध देता येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्याच.

१९ जून
पुवाच्या तपासणीत जंतू सापडलाच नाही. बाईंनी विचारलं, आधी काही गोळ्या घेतल्या होत्या का? मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. हेच म्हणाले, छे हो, गोळ्या कुठल्या? ह्यांना जन्मात धड खोटं बोलता आलं नाही. आज जमलं. उद्या सांगेन.

२० जून
बाई घाईत होत्या.

२१ जून
ताप हटत नाही. उजवा पाय हलवला की हे उशी चावतात. दुपारी बाईंना गाठून सांगितलं. गोळ्यांमुळेच जंतू लपला असणार, म्हणाल्या. गोळीचं नाव लिहून घेतलं, इंजेक्शन बदललं. रागावल्या नाहीत. रागावायला हवं होतं.

२५ जून
ताप उतरला. सलाइनमधून औषध सहा आठवडे. हे भिंतीकडे तोंड करून झोपतात. त्या कुशीवर बरं वाटत असेल.

५ ऑगस्ट
डिस्चार्ज. हे काठी घेऊन चालतात. मी नवं वेळापत्रक करून नेलं होतं, व्यायाम निम्मा. ह्यांनी वाचलं, घडी घालून मला परत दिलं. मग लेकीला विचारलं, काही दिवस तुझ्याकडे राहू का गं? तिच्याकडून हॉस्पिटल जवळ पडतं. कारण तेच.

गाडीत ह्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. तिथे ह्यांनी काठी ठेवली. काठीला जागा लागतेच.